'थम'चा हुकूम

संगमनेरच्या आमच्या कॉलेजात एन.सी.सी.ची परेड शिकवायला एक हवालदार यायचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो; नाव कधी कळलंच नाही. 'थम' ऐकण्याआधी कुणाचा पाय थांबला, की पोटरीवर छडी बसायची. एकाहत्तरच्या त्या डिसेंबरात मात्र त्यांची नजर सारखी फाटकाकडे जायची. "माजा ल्योक बॉर्डरवर हाय," एवढंच एकदा म्हणाले होते.

एका सकाळी त्यांनी 'तेज चल' दिलं आणि फाटकातून तारवाला आत आला. उस्ताद तिकडे धावले. आम्ही चालत कुंपणाला भिडलो, आणि हुकूम नाही म्हणून जागच्या जागी कदमताल करत राहिलो.

तार प्राचार्यांच्या नावाची निघाली. उस्ताद परत आले, तोंड उघडलं, पण 'थम' काही फुटेना.

"बसा रे लेकरांनो," ते म्हणाले, आणि आमच्याआधी स्वतःच मातीत बसले.