घोड्याचा उजवा कान

चाचांच्या हातात फडकं दिलं की ते एकोणिसाव्या शतकात जायचे. "वहिनी, त्या काळी युरोपातले मोठे शिल्पकार संगमरवराला सहसा हात लावत नसत. ते मातीचा नमुना करायचे, त्यावरून प्लास्टरचा निघायचा, आणि दगड कोरायचे कारागीर. डोकं एकाचं, हात दुसऱ्याचे." एवढं सांगून होईपर्यंत धूळ मीच पुसलेली असायची.

जेद्दातल्या त्या दुकानात मी कागदपत्रं बघायचे आणि चाचा विक्री. माल युरोपातल्या जुन्या घरांतून आलेला: ब्राँझचे घोडे, सिंह, ससाणे. माणसांचे पुतळे तिथे घ्यायला कोणी येत नसे, त्यामुळे आमच्याकडे सगळी जनावरंच. चाचा श्रीवर्धनचे. तरुणपणी मुंबईत शिल्पकला शिकले आणि पोटासाठी सेल्समन झाले.

गिऱ्हाईक आलं की ते घोड्याच्या पोटावर बोटाने टकटक करायचे. "ऐका. ब्राँझ घुमतं. जस्त नुसतं ठक् म्हणतं." ज्यांना ब्राँझ परवडत नसे त्यांच्यासाठी त्या काळी जस्ताचे घोडे ओतून वर ब्राँझचा रंग देत. आमच्याकडचे बरेचसे तसलेच होते, आणि हे चाचा गिऱ्हाइकाला सांगून मोकळे! मालक कपाळाला हात लावायचा. तरी गिऱ्हाइकं दारातून आत आली की चाचांनाच शोधायची.

मग सौदीकरण आलं. दुकानांतली विक्रीची कामं स्थानिकांसाठी राखीव झाली. नूफ नावाची चुणचुणीत सौदी मुलगी रुजू झाली, आणि ती टकटक चाचांनीच तिला शिकवली. इकडे त्यांच्या इकाम्याची, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याची, मुदत संपत आलेली, आणि गावी धाकटी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी मालकाला सरळ विचारलं, "दुरुस्तीला माणूस लागतोच ना? चाचांना कारागीर म्हणून ठेवा."

त्याने कोपऱ्यातलं संगमरवरी घोड्याचं मुंडकं दाखवलं. वाहतुकीत त्याच्या उजव्या कानाचा चुरा झाला होता. "हा नीट केला तर राहील. नाहीतर खलास."

"हात चालतात ना अजून?" मी चाचांना विचारलं.

"चालायचे," ते म्हणाले.

पहिल्या खेपेला त्यांनी डाव्या कानाचा साचा काढला, प्लास्टर ओतलं आणि तोच कान उजवीकडे बसवून पाहिला. नूफ हसत सुटली. "चाचा, याचे दोन्ही कान डावे!"

चाचा स्टुलावर बसले ते उठेनात. "मुलीला काय सांगू, वहिनी?"

"सांगायची वेळ अजून आलेली नाही. ते तुमचे युरोपातले कारागीर काय करायचे? ते करा."

त्यांनी मापाचा कंपास मागवला. घोड्याच्या कपाळावर पक्क्या खुणा केल्या. तिथून डाव्या कानाच्या प्रत्येक उंचवट्याचं, प्रत्येक खोलगटाचं माप घेतलं आणि संगमरवराच्या तुकड्यावर ते उलट्या बाजूने उतरवलं. मापाइतकं खोल भोक पाडायचं, मग भोकांमधला दगड हळूहळू काढायचा. वर्षानुवर्षं तोंडाने केलेलं काम चाचा आता हातांनी करत होते. बोटांना पट्ट्या, मिशीवर पांढरी भुकटी, आणि बोलणं एकदम बंद. नूफ शेजारी दिवा धरून उभी राहायची. तीही हसायची थांबली होती.

मालक आला. त्याने घोड्याच्या कपाळावरून हात फिरवला, एक कान चाचपला, मग दुसरा. पुन्हा पहिला. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "तुटला होता तो कुठला?"

मी चाचांना कारागीर म्हणून ठेवायचा अर्ज पुढे केला आणि सही घेतली.

पुढे नवऱ्याच्या तिथल्या नोकरीचं कंत्राट संपलं आणि आम्ही नाशिकला परतलो. गेल्या वर्षी चाचांचा फोन आला. "मुलगी मुंबईत नर्स म्हणून लागली, वहिनी. मी आलो गावी, कायमचा."

"काढलं की काय तुम्हाला?"

"छे हो! मालक सोडत नव्हता. मीच म्हटलं, यल्ला, चला, आता पुरे."