पडत्या किमतीची गाडी

ठाण्यात महागड्या जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये मी गाड्यांची किंमत ठरवतो. रंगाची जाडी मोजायची, टायर बघायचे, यंत्र लावून बॅटरीत किती दम उरलाय ते पाहायचं आणि मालकाला आकडा सांगायचा. इलेक्ट्रिक गाडीचा मालक आकडा ऐकून चिडला की माझं वाक्य तयार असतं, "साहेब, ही गाडी म्हणजे मोबाइल. नवा आला की जुन्याला कोण विचारतं?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच कुणीतरी करून ठेवली असावी.

कारण तीन वर्षांपूर्वी तशीच एक गाडी मी स्वतः घेतली. लाल, बुटकी, चार सेकंदांत शंभरचा वेग पकडणारी. पहिल्या मालकाने मोजलेल्या पैशांच्या तिसऱ्या हिश्शात ती मिळत होती. पडायची तेवढी किंमत पडून झाली, आता आणखी किती पडेल, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. मला ती माझ्या गावच्या, जव्हारच्या बाजारातून सावकाश चालवत न्यायची होती, काच खाली करून.

बँकेने बरेच पैसे दिले, उरलेल्यासाठी मी दादाकडे गेलो. दादा माझा थोरला भाऊ. तो जव्हार ते दाभोसा स्वतःची जीप चालवायचा. आई-वडील जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले, त्यामुळे आपली म्हणावी अशी आमच्या घरात ती जीपच पहिली. आमच्याकडे जीपला वय नसतं. पत्रा गंजो, सीट फाटो, घाटात माणसं आणि भाताची पोती ओढते तोवर तिला गिऱ्हाईक असतं. दादाची बारा वर्षांची जीपही त्याने ज्या भावाला घेतली होती, जवळपास त्याच भावाला जाणार होती. म्हणून त्याने मला एवढंच विचारलं, "ही पन किंमत धरंल ना?"

"दादा, कोटीची गाडी आहे ही," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. लग्नांना भाड्याने देऊ, दोन वर्षांनी विकून तुला दोन जीपा घेऊन देतो, असंही बोललो. त्याने जीप विकली आणि सगळे पैसे माझ्या हातात ठेवले. गाडी माझ्या नावावर झाली, पण लग्नांसाठी राहिली गावी, दादाकडेच.

लग्नं मिळाली ती पाच-सहाच. पहिल्याच लग्नात, खोडाळ्याच्या पुढे, बायकांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकापुढे नारळ फुटला, आणि पाड्याच्या कच्च्या रस्त्यावर गाडीचं पोट दगडाला घासलं. नवरदेव उतरला आणि बाशिंग सावरत मांडवापर्यंत चालत गेला. मागची जीप मात्र वऱ्हाड घेऊन थेट मांडवाच्या दारात जाऊन थांबली. ती दादाचीच होती, जामसरच्या एकाने घेतलेली. दादा तिच्याकडे बघून हसला. मला तिथे उभं राहवेना, मी उगाच टायर तपासत बसलो.

पुढे कंपनीने नवं मॉडेल आणलं, जास्त लांब पळणारं आणि वर स्वस्त. आमच्या बॅटरीची वॉरंटी संपली. शोरूममध्ये रोज पडते भाव मी बघत होतो आणि दादाला एक अक्षर सांगत नव्हतो. तो दुसऱ्याच्या जीपवर रोजाने जायला लागला होता. मध्येच फोन करून विचारायचा, "इकू का आता?" मी म्हणायचो, "थांब, भाव येऊ दे." भाव येणार नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मग गेल्या महिन्यात जामसरवाल्याने जीप विकायला काढली. आपला हिस्सा मिळाला तर ती परत घेता येईल, म्हणून दादा स्वतःच लाल गाडी चालवत ठाण्याला आला. लग्नाकार्यात घालायचा पांढरा शर्ट त्याने घातला होता. चपला बाहेरच्या नळावर धुऊन तो आत आला आणि सोफ्याच्या कडेला टेकला. मॅनेजरने मला विचारलं, "हे कोण?"

शोरूममध्ये मी नाशिकचा म्हणून सांगत आलोय. "ड्रायव्हर," मी म्हणालो. "गावाहून गाडी घेऊन आलाय." माझे कान तापले, पण शब्द मी परत घेतला नाही. दादा सोफ्यावरून उठला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गाडी माझी म्हणून तपासणी दुसऱ्याने केली. पोट घासलेलं निघालं, बॅटरी थकलेली निघाली. मॅनेजरने सगळ्यांसमोर आकडा सांगितला. बँकेचं भागवल्यावर त्यात जीपचं एक चाकही आलं नसतं.

मॅनेजर हसत दादाकडे वळला. "काय हो, तुमचे साहेब ही गाडी घेतली त्या आठवड्यातसुद्धा गिऱ्हाइकांना सांगत होते, इलेक्ट्रिकची किंमत बुडते म्हणून. तुम्हाला कधी बोलले नाहीत?"

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही.

"आमाला कशाला सांगतील, साहेब," तो म्हणाला. "आमी डायवर. मालकाची गाडी, मालकाचा तोटा."

मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली.