साहेबाची चिवळ

मेहकरात म्युनिसिपल कमिटीची एक बाग होती, हे मेहकरातल्याच निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. दोन बाकं, एक विहीर, एक लिंब, कण्हेरीचं कुंपण आणि मधोमध हिरवळीचा एवढासा तुकडा. रोज येणारं माणूस एकच, पेन्शनर किसनराव मास्तर. तेही घरात सुनेचा आवाज फार, म्हणून. पण माळी फकीर मोहम्मदच्या लेखी ती बाग म्हणजे नागपूरच्या महाराजबागेची धाकटी बहीण होती. त्यानं महाराजबाग कधी पाहिली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

एकोणीस वर्षं तो तिथं राबत होता. फाटकावर ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी होती. त्याला वाचता येत नसे, पण येईल त्याला तो ती पाटी बोट फिरवून वाचून दाखवी. खुद्द तहसीलदाराच्या बायकोला त्यानं एकदा हिरवळीवरून उठवलं होतं. आणि जो नियम लोकांना, तोच स्वतःला. एकोणीस वर्षांत बागेतली एक पाकळी त्याच्या घरी गेली नव्हती. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून बायको-मुलीला त्यानं बागेत पाऊलही टाकू दिलं नव्हतं.

बायकोला, इमामबीला, या इमानदारीचं काडीचं कौतुक नव्हतं. घरात हिंदी-वऱ्हाडीची सरमिसळ चाले, आणि भांडण लागलं की दोघंही निव्वळ वऱ्हाडीवर येत.

“एकोणीस साल पानी शेंदून राह्यले,” ती म्हणे, “अन घरात कोथिंबिरीची काडी नाही.”

त्या साली कमिटीनं नागपुराहून विलायती फुलांचं बी मागवलं. बुलढाण्याहून गोरे डिप्टी कमिशनर साहेब दोन महिन्यांनी एका सोमवारी सकाळी बाग पाहायला येणार होते. कमिटीचे अध्यक्ष उद्धवराव वकील फकीर मोहम्मदला म्हणाले, त्या बियाचा वाफा साहेबांच्या मनास आला तर तुला पितळी बिल्ला, ‘हेडमाळी’ असं कोरलेला. त्याच्या हाताखाली दुसरा माळी नव्हता. पण हेड ते हेड. त्या दिवसापासून त्यानं वाफ्याला पोटच्या पोरासारखं जपलं. भोवती सुतळी बांधली, मुंग्यांना राख घातली. आदल्या रविवारपर्यंत रोपं वीतभर झाली आणि शेंड्यांवर गव्हाच्या दाण्याएवढ्या कळ्या धरल्या.

नेमकी तेव्हाच मुलगी गुलनार उंद्रीहून माहेरी आली होती. “अब्बा, सासरी हसतात मले,” ती म्हणाली. “माळ्याची पोरगी अन बाग पाह्यली नाही.”

फकीर मोहम्मद विरघळला. खरं सांगायचं तर त्यालाही इमामबीला एकदा दाखवायचंच होतं, की नवरा इतकी वर्षं करतो काय.

रविवारी संध्याकाळी दोघी भाकरीचं गाठोडं घेऊन आल्या. त्यानं त्यांना फाटकावर थांबवून आधी पाटी वाचून दाखवली. मग विहीर दाखवली, लिंब दाखवला, मोगरा दाखवला. इमामबी हिरवळीवर टेकली, तर तिला उठवून बाकावर बसवलं.

“हेच हाय का ते?” इमामबी म्हणाली. “याच्यापरीस आपल्या घरामागचा उकिरडा मोठा हाय.”

फकीर मोहम्मदनं राग गिळला. हुकमाचं पान त्यानं शेवटी ठेवलं होतं. तो त्यांना वाफ्याकडे नेणार, इतक्यात कुंपणातून शेजारच्या शालूबाईची बकरी आत घुसली. बकरीनं कण्हेर सोडून सरळ मोगऱ्याला तोंड घातलं, आणि तो काठी घेऊन तिच्या मागं धावला. बकरी बाजाराच्या रस्त्याला लागेस्तोवर त्यानं पिच्छा सोडला नाही.

इकडे इमामबी फिरत फिरत वाफ्यापाशी आली. पाहते तर सुतळीच्या आत सगळी चिवळ माजलेली, तीच ती शेतात आपोआप उगवणारी, बारीक मांसल पानांची भाजी. चिवळीच्या भाजीत जिचा जन्म गेला, तिला का चिवळ ओळखू येणार नाही? तिला नवऱ्याची पहिल्यांदाच दया आली. म्हातारा एकटा माणूस, कुठंकुठं पुरणार. तिनं पदर खोचला, गुलनारला हाताशी घेतलं आणि वाफा मुळासकट निंदून काढला. चिवळ काही टाकायची नसते, म्हणून ती पदरात भरून घेतली.

फकीर मोहम्मद धापा टाकत परतला, तेव्हा वाफा खळ्यासारखा साफ झाला होता.

“घ्या,” इमामबी म्हणाली. “आता तरी साहेबाले तोंड दाखवता येईन.”

तो मटकन खाली बसला, तोही हिरवळीवर. मग तो दुसऱ्या बाकावरच्या किसनराव मास्तरांना म्हणाला, “मास्तर, तुमी तं अठीच बसेल होते.”

“मले वाटलं, माळ्याची बायको हाय, हुकूम असंन,” मास्तर म्हणाले.

फकीर मोहम्मदनं रडवेल्या आवाजात बी, साहेब, बिल्ला असं सगळं सांगितलं. इमामबीचा चेहरा उतरला. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याला रडताना पाहिलं नव्हतं, आणि ते तिला सोसेना.

“रडता काऊन?” ती म्हणाली. “चिवळ कुठं मरते का? काडी टोचली की लागते.”

“चिवळ नाही म्हनलं ना. दिसते तशी, पन फूल हाय ते, विलायती.”

“विलायतेत तिले फूल म्हनत असतीन. उठा, पानी काढा.”

त्यानं पाणी शेंदलं, मास्तरांनी सुतळी धरली आणि मायलेकींनी कांद्याचं रोप लावावं तशा सरळ ओळींत एकेक काडी लावली. दिवस बुडता बुडता वाफा भरला. रात्रभर फकीर मोहम्मद दुवा मागत राहिला.

सोमवारी सकाळी साहेब आले, तेव्हा रोपं जराशी मान टाकून उभी होती. पण ऊन चढलं होतं, आणि उन्हानं दोन कळ्या उमलल्या होत्या, एक गुलाबी, एक पिवळी. साहेब वाकले. फुलांपेक्षा त्यांना ओळीच आवडल्या. इतक्या सरळ ओळी कोणी लावल्या, असं त्यांनी विचारलं.

उद्धवरावांनी फकीर मोहम्मदकडे पाहिलं. तो घाबरला. बिल्ला वकिलांच्या हातात लखलखत होता आणि नुसतं “मी” म्हणायचं होतं.

“घरचीनं, सायेब,” तो म्हणाला. “काल उपटलंही तिनंच.”

वकिलांनी साहेबांना फक्त पहिलं वाक्य इंग्रजीत सांगितलं. साहेब हसले, आणि बिल्ला फकीर मोहम्मदच्या छातीवर लागला.

दुपारी तो घरी आला तो छाती पुढं काढून. इमामबीनं बिल्ला डोळे भरून पाहिला, पदरानं पुसलाही. मग ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, आणि शेजारी लसणाच्या फोडणीची हिरवीगार भाजी.

“हे कुठून आनलं?”

“वाफ्यात मावली नाही तेवढी ओल्या फडक्यात ठेवली होती.”

“कमिटीचा माल हाय हा.”

“मंग बोलवा कमिटीले जेवाले.”

तो ताटाकडे पाहत राहिला. एकोणीस वर्षं एक पाकळी घरी आली नव्हती, आणि आता आली ती फोडणी घेऊन. भाजीचा वास मात्र फार छान सुटला होता. अखेर त्यानं छातीवरचा बिल्ला काढून कोनाड्यात उपडा ठेवला, आणि दोनदा भाजी मागून घेतली.