अध्यक्षांना पाडल्यावर

काहीही ठरवायचं असलं की ते आधी स्वतःचा हात वर करायचे आणि म्हणायचे, "हात वर करून सांगा. मनात ठेवू नका." चहात साखर हवी की नको, यालासुद्धा. अंबडच्या आमच्या कारखान्यात सगळे त्यांना लीडर म्हणत. मी टाइम ऑफिसात हजेरी ठेवणारा कारकून, ते लेथवर टर्नर. युनियनचा पुढारी आणि इतका हळू बोलणारा, असा माणूस तुम्हीही फारसा पाहिला नसेल.

त्यांच्याआधी पंधरा वर्षं युनियनवर एकाच अध्यक्षांचं राज्य होतं. कोणाला कुठली पाळी, कोणाला रजा, कोणता कंत्राटी कामगार पर्मनंट, सगळं त्यांच्या मर्जीवर. घरच्या लग्नाची तारीखही लोक त्यांना विचारून काढत. विरोधात बोललेला माणूस आठवड्याभरात भट्टीवर दिसायचा.

लीडरांनी दोन वर्षं घरोघर फिरून माणसं जोडली. मग गेट मीटिंगमध्ये अध्यक्षांच्या तोंडावर विचारलं, "हे नकोत असं कोणाला वाटतं?" लीडरांचा स्वतःचा सोडला तर आधी एकच हात वर गेला, त्यांच्या जोडीदाराचा. हा मूळचा दिंडोरीकडचा, कंत्राटी, लीडरांच्याच गल्लीत राहायचा आणि रोज त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून कामाला यायचा. त्याच्यामागून हातच हात. त्या दिवशी आम्ही लीडरांना खांद्यावर घेऊन नाचलो. मी तर नाचता नाचता चष्मा हरवून बसलो.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी सुरू झाली. कँटीनमध्ये पोहे की उपमा यावर मतदान झालं, सुट्टी त्यातच संपली आणि दोन्ही गार झाले. पाळ्या ठरवायला तीन बैठका लागल्या. "अध्यक्षांच्या वेळी निदान पोहे तरी गरम मिळायचे," असं लोक हसत म्हणू लागले. लीडरही हसायचे.

त्याच सुमारास जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी मोबाइलवर बातमी दाखवली. कुठल्याशा देशातला हुकूमशहा पळाला होता आणि लोक त्याच्या महालातल्या सोफ्यावर बसून फोटो काढत होते. सगळे खूश. लीडरांनी मात्र डबा झाकला.

"सोफ्यावर बसणं सोपं आहे हो. उद्या त्या शहरात पाणी कोण सोडणार?"

पुढे कंपनीने सांगितलं, अकरा कंत्राटी कामगार पर्मनंट करू, नावं युनियनने द्या. लीडरांनी नियम केला, जो आधी लागला तो आधी. यादी माझ्याच रजिस्टरवरून निघाली. जोडीदाराचा नंबर बारावा आला.

टाइम ऑफिसच्या दारातच त्याने त्यांना गाठलं. "पहिला हात मी वर केला व्हता. एक नाव खाली सरकवता येत नाय तुला?"

"कोणाचं सरकवू? तू सांग."

"अध्यक्ष लय वाईट व्हता, पण आपल्या माणसाला वळखत व्हता."

लीडरांनी यादी होती तशीच माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून ते एकटेच गाडीवर येऊ-जाऊ लागले. जोडीदार महिन्याभरात काम सोडून गावाकडे गेला.

"स्वतःच्या माणसाचं केलं नाही, तो आपलं काय करणार?" अशी कुजबुज सुरू झाली. लीडर डबा घेऊन घोळक्यात आले की बोलणं थांबायचं. मग ते मशीनपाशी उभ्या उभ्या जेवू लागले. माझ्या खिडकीतून ते सरळ दिसत. मी एकदाही डबा उचलून तिकडे गेलो नाही, हे सांगताना आज लाज वाटते.

पुढच्या निवडणुकीत चिठ्ठ्या पडल्या आणि जुने अध्यक्ष गुलालात न्हाऊन परत आले. माझीही चिठ्ठी त्यांच्याच नावाची होती. महिन्याभरात माझा कंत्राटी मेहुणा पर्मनंट झाला. रजिस्टरप्रमाणे त्याच्या पुढे सतरा जण होते.

यंदा लीडर निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी सह्या करायला माझ्या टेबलापाशी आले. निरोप द्यायला कोणी थांबलं नव्हतं. सह्या झाल्यावर पेन परत देत म्हणाले, "तुमच्या मेहुण्याचं झालं ना? बरं झालं. कामाला चांगला आहे तो."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

बाहेर दुपारच्या पाळीची माणसं आत येत होती. त्या गर्दीतून फाटकाबाहेर पडायला त्यांना वाट मिळेना. पिशवी छातीशी धरून ते भिंतीला लागून उभे राहिले आणि शेवटचा माणूस आत गेल्यावर बाहेर पडले.