बाई पोहायला शिकल्या

भोरला एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. परीक्षा संपल्या की दुकानात माणूस फिरकत नाही. अशा दुपारी बाई येऊन माझ्या बाकावर बसतात. बाई म्हणजे मला शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावात त्यांना सगळे बाईच म्हणतात, भाजीवालासुद्धा. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मुलांना घेऊन आसपासच्या गावांत हिंडायच्या. कुठे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला वीरगळ दाखवायच्या, कुठे जुना दगडी पूल. हे करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुलांच्या आया डबे भरून द्यायच्या आणि बाई कमरेला पदर घट्ट खोचून पुढे चालायच्या.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका फेरीत, विंझरच्या अलीकडे रस्त्यापासून जरा आत, त्यांनी एक बारव पाहिली. बारव म्हणजे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं अशी जुनी विहीर. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "शटर ओढ आणि स्कूटी काढ."

मी काढली. बाईंना नाही म्हणायची सवय मला शाळेपासूनच नाही.

बारवेची दशा बघवत नव्हती. शेजारच्या वाडीत नळ आले तशी तिची गरज संपली होती. प्लॅस्टिकच्या पिशव्या, बाटल्या, निर्माल्य, मोडक्या खुर्च्या, वरून घाणेरीची झुडपं. पण बाई काठावर गुडघे टेकून बसल्या आणि मला दगडावरच्या खाचा दाखवल्या. पोहरे ओढून ओढून दोरांनी दगड कापला होता. मी खाचेत बोट घातलं तर अख्खं बोट आत गेलं.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावरून एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरी टोपी, अंगात बंडी, हातात काठी. रान त्यांचं होतं. त्यांना सगळे आबा म्हणत. बाईंनी नमस्कार केला आणि लगेच बोलायला सुरुवात केली: बारव किती जुनी असेल, साफ केली तर किती देखणी दिसेल, भोरहून माणसं आणू, तुम्हाला काही तोशीस पडणार नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, म्या ती बुजवनार हाय. मुरमाचा टेम्पो सांगितलाय."

"का हो आबा?"

"माजी धाकटी भन हितं बुडाली. पानी शेंदाया आली व्हती. म्या काठावरच व्हतो. मला पोहता येत नव्हतं." ते काठीच्या टोकाने माती उकरत राहिले. "नंतर म्या शिकलो. लई शिकलो. पर त्येचा काय उपेग? दुसऱ्या कुनाच्या घरचं लेकरू हितं जायला नको."

मला वाटलं, बाई आता समजावतील. वर्गात त्या कुणाचंही म्हणणं पाच-सहा मुद्द्यांत खोडून काढायच्या. पण त्या नुसत्या "बरोबर आहे तुमचं" म्हणाल्या. पुन्हा नमस्कार केला आणि स्कूटीवर येऊन बसल्या.

नसरापूर मागे पडलं, कामथडी गेलं. भोरच्या वाटेला लागल्यावर मागून आवाज आला, "तुला पोहता येतं का गं?"

"नाही."

"मलाही नाही. आणि मी मुलांना घेऊन विहिरी दाखवत हिंडते."

माझं माहेर भाटघरजवळ. दादाच्या शेतात विहीर आहे आणि उन्हाळ्यात तिथल्या वाडीतली सगळी पोरं तिच्यात पडलेली असतात. चार दिवसांनी बाई पंजाबी ड्रेस घालून तिथे हजर झाल्या. मी त्यांना कधीही साडीशिवाय पाहिलं नव्हतं. त्यांचं वय तेव्हा साठीच्या पुढे. दादा त्यांचाच विद्यार्थी. त्याने बाईंच्या पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधला आणि गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहिली.

"बाई, घट्ट झालं का?"

"मला काय विचारतोस? बुडणार नाही असं बांध."

पहिले काही दिवस बाई पायरीचा दगड सोडायलाच तयार नव्हत्या. नाकातोंडात पाणी जायचं, खोकून खोकून चेहरा लाल व्हायचा. मीही त्यांच्याबरोबर शिकत होते; त्यांच्याआधी तरंगायला लागले आणि मला उगीचच अपराधी वाटलं. पण त्या रोज यायच्या. एकदा दादा म्हणाला, "बाई, आज राहू द्या, दमलात." तर म्हणाल्या, "तुला सनावळी पाठ होईपर्यंत मी सोडलं होतं का?" काठावरची पोरं हसली, दादाही हसला, आणि त्याच सकाळी बाईंनी दगड सोडला. वेडेवाकडे हातपाय मारत त्या पलीकडच्या भिंतीला पोचल्या. तिथे भिंतीला धरून कितीतरी वेळ श्वास घेत राहिल्या. मग वळल्या आणि परत आल्या.

मे संपायला आला होता. बाई म्हणाल्या, "चल, आबांकडे जाऊ."

मुरूम आला नव्हता. टेम्पोवाल्याने दोनदा वायदा मोडला होता. बाई आबांच्या ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आबा, मी पोहायला शिकले."

आबांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्या वयात?"

"ह्याच वयात. तुम्ही म्हणालात ते खरंय. विहीर नुसती साफ करून उघडी टाकली तर ती कुणाचा तरी जीव घेईल. म्हणून आधी कठडा बांधू. मग ह्या वाडीतल्या प्रत्येक पोरीला पोहायला शिकवू. आणि हे झाल्यावरही तुम्हाला बुजवावीशी वाटली, तर मी स्वतः पहिलं घमेलं टाकीन."

आबा उठून आत गेले. आम्हाला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने त्यांची सून चहा घेऊन बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "मामांनी टेम्पोवाल्याला फोन लावलाय. नको म्हून सांगत्यात."

पुढच्या उन्हाळ्यात काम लागलं. भोरहून आम्ही दुकानदार बायका, बाईंचे जुने विद्यार्थी, विंझरहून काही तरुण मंडळी, वाडीतली घरं. ऊन चढायच्या आत काम करायचं आणि आबांच्या आंब्याखाली भाकरी-पिठलं खायचं. पायऱ्यांवर माणसांची रांग लावून घमेली वर यायची. वर आबा बसायचे. सुरुवातीला त्यांनी बारवेकडे पाठ केलेली असायची. पण हळूहळू ते आपण होऊन सांगायला लागले. वेल्ह्याकडची माणसं तांदूळ, हिरडा घेऊन नसरापूरच्या बाजाराला निघाली की हितंच टेकायची. वरच्या पठारावरची धनगरं शेरडं-मेंढरं घेऊन खाली आली की पाण्याला आधी जनावरं, मग माणसं, असा नेम होता. बाई खालच्या पायरीवर चिखलात उभ्या राहून ऐकायच्या आणि मुलांना म्हणायच्या, "काम थांबवा, ऐका."

एके दिवशी आबा म्हणाले, "उजव्या अंगाला देवळी आसंल बगा. साती आसरा हायेत. माजी आई हळदकुंकू वाहायची. भन गेली आन् तिनं सोडलं."

साती आसरा म्हणजे पाण्याच्या देवता. गाळ आणखी खाली गेला तशी देवळी उघडी झाली आणि आत ओळीने सात दगड दिसले. आबा काठी वर ठेवून, भिंतीला हात लावत, सावकाश पायऱ्या उतरले. त्यांनी ओंजळीने पाणी घेऊन एकेक दगड धुतला. सुनेने वरून विचारलं, "मामा, कुंकू आनू का?"

आबांनी ओले हात धोतराला पुसले. मग ते म्हणाले, "तुला वाटलं तर वाहा. माजं न्हाई ठरलं अजून."

झऱ्याचं तोंड मोकळं झालं तसं पाणी भरू लागलं. कठडा झाला, पायरीला लोखंडी साखळी बसली, आणि पोहण्याचा वर्ग सुरू झाला. शिकवायला माझा दादा यायचा. काठावर पोरी ओळीने उभ्या, पाठीला कॅन, आणि एकही पाण्यात उतरायला तयार नाही. बाई त्यांच्यादेखत उतरल्या, तरी कुणी हललं नाही. आबांनी थोडा वेळ पाहिलं. मग टोपी काढून सुनेच्या हातात दिली, धोतराचा काचा मारला आणि वरच्या पायरीवरून सरळ सूर मारला. एवढा म्हातारा माणूस पाण्यात इतका हलका होईल असं मला वाटलं नव्हतं. मधोमध जाऊन ते थांबले, एका हाताने तोंडावरचं पाणी पुसलं आणि आपल्या नातीला म्हणाले, "ये. म्या हाय हितं."

ती डोळे घट्ट मिटून उतरली. आबांनी तिच्या पोटाखाली हात धरला. मग दुसरी उतरली, मग सगळ्याच.

बाई माझ्या शेजारी पायरीवर निथळत बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "बाई, तुम्हाला हे आधीच माहीत होतं का? आबा उतरतील म्हणून?"

"छे गं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, फार तर वर बसून लक्ष ठेवतील." आणि पदर नव्हता म्हणून ओढणीच्या टोकाने त्यांनी डोळे पुसले.

आता दर सुट्टीत तिथे वर्ग भरतो. त्या वाडीतल्या शाळेत जाणाऱ्या सगळ्या पोरी पोहतात. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे त्या पायऱ्या उतरत नाहीत. वर आबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. दोघांचं अधूनमधून वाजतं, कारण आबांच्या मते बाईंनी शेवटपर्यंत पाय नीट मारलेच नाहीत.