आधी भिजवा, मग धुवा

सई, ईशान, तुम्ही सुट्टीत आलात की सुकेळी, ती वाळवलेली गोड केळी, घेऊन सायकलवरून येणारे निर्मळ गावचे इनासकाका मागच्या महिन्यात गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी चहा करत होते. फोन ठेवला, चहा गाळला, झाकून ठेवला आणि मग बसले. शेवटच्या भेटीत नाकाला ऑक्सिजनची नळी असताना त्यांनी मला विचारलं होतं, "टीचर, आपण एक तरी केस जिंकलो का हो?" मी त्यांच्या उशीची खोळ नीट करत राहिले...

तरुणपणी ते मुंबईच्या एका कारखान्यात ॲस्बेस्टॉसचे दोर विणायचे. भट्टीजवळ वापरतात ते, न जळणारे. संध्याकाळी घरी येत ते गिरणीतल्या पिठात लोळल्यासारखे पांढरे होऊन. त्यांची बायको रेमेत दारातच त्यांचा शर्ट काढून घ्यायची आणि जास्वंदीच्या कुंपणावर खसाखसा झटकायची. नीटनेटकी बाई. घरात धूळ नको, एवढंच तिला कळत होतं, आणि तेव्हा आमच्यापैकी कोणालाच त्याहून जास्त कळत नव्हतं. पुढे कारखाना बंद पडला. काही वर्षांनी खोकला लागला तो आधी तिला, जिने कारखान्याचं फाटकही पाहिलं नव्हतं. टीबी समजून औषधं झाली. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी तिच्या छातीचा एक्स-रे उजेडाला धरला आणि नवऱ्याचं काम विचारलं. तोवर तिला धड बसताही येत नव्हतं.

ती गेल्यावर काकांनी ओटीवर पाण्याने भरलेली एक निळी बादली ठेवली. कुठूनही आले की शर्ट आधी त्या बादलीत. आमच्याकडे कामवाली पायपुसणं झटकायला लागली तरी ते हातातला कप ठेवून उठायचे. "आधी भिजवा, मग धुवा, बाय." मग त्यांनी कळंबपासून नालासोपाऱ्यापर्यंत जुने सोबती शोधून तपासणीला न्यायचा ध्यास घेतला. नाक्यावर चेष्टा व्हायची, "छाती झाका रे, इनास आला." काकाही हसायचे. पण चेष्टा करणारेच पुढे एकेक करून त्यांच्या सायकलमागे बसून दवाखान्यात गेले आणि एकेक करून संपले. भरपाईचे इंग्रजी अर्ज मी लिहायचे. दाखल्यांवर कोणाला दमा, कोणाला टीबी. धुळीचं नाव लिहायला कोणी तयार नव्हतं.

रेमेतच्या सुनावणीला मी सोबत होते. साहेब उद्धट नव्हते. बाई कामाला होत्या याचं हजेरीकार्ड आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

"ती हजेरी दारात लावायची, साहेब," काका म्हणाले. "रोज."

साहेबांनी चष्मा पुसला आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं. भरपाई कामगारालाच मिळते. त्याचा शर्ट झटकणारीला नाही. त्यानंतरही काकांनी अर्ज थांबवले नाहीत, पण त्या शेवटच्या भेटीपर्यंत ते कधी जिंकण्याबद्दल बोलले नाहीत. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं आहे. ते कोणाचं पडत नाही?

चर्चमधल्या सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर मी त्यांच्या घरी गेले. माणसं बरीच होती, खुर्च्या कमी. निळी बादली उपडी घालून तिच्यावर कोणी पाहुणे बसले होते. मी बाहेर आले. समोर भाड्याच्या खोल्यांची नवी चाळ उठते आहे. छपराचे सिमेंटचे पत्रे तिथे कोरडेच कापत होते आणि पांढरी धूळ रस्त्याभर उडत होती. हे पत्रेही त्याच ॲस्बेस्टॉसचे, काकांनीच मला सांगितलं होतं. तिथला एक मजूर काम आटपून बाजूच्याच आपल्या खोलीशी आला. त्याच्या बायकोने दारातच त्याचा शर्ट घेतला आणि झटकला.

मी रस्ता ओलांडून गेले, आणि काका सांगायचे तसंच तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पोर वयाने आपल्या सईएवढीच असेल. मग दाराशी ठेवलेले रिकामे हंडे तिने मला दाखवले.

"टँकर आला नाय, आजी. प्यायला पानी नाय, शर्ट कशात भिजवू?"