उज्वलाचा डबा आणि उलटी बॅटरी

लातुरात तेव्हा एक घर सोडून क्लासची पाटी होती आणि मधल्या घरात खानावळ. आमच्या गल्लीतली उज्वला मात्र या दोन्ही धंद्यांत पडली नाही. ती आकृत्या काढायची. अंबरीश सरांच्या फिजिक्सच्या क्लासचे सगळे पेपर तिच्या कॉम्प्युटरमधून निघत. बाई सातवी पास. फिजिक्समधलं तिला ओ की ठो कळत नसे, आणि हे ती अभिमानानं सांगे.

हात वळला तो भूकंपानंतर. औशाकडचं तिचं गाव पडलं. नव्या गावाचे नकाशे काढायला इंजिनिअर आले. त्यांची टेप धरता धरता हिनं त्यांची पेन्सिलही धरली. घरं सगळी एकाच मापाची, म्हणून पुठ्ठ्याचं एक घर कापलं आणि त्याच्या कडेनं पेन्सिल फिरवून शेकडो घरं काढली. एकदा दाराची बाजू चुकली. पुठ्ठा दुसरा कापला, पण कागदावरची घरं थोडीच सुधारतात? तीन दिवस ब्लेडनं दारं खरवडत बसली होती.

कॉम्प्युटरवर पुठ्ठ्याच्या जागी पॅलेट आलं. पडद्याच्या कडेला उभी पट्टी, तिच्यात बॅटरी, दिवा, भिंग, कप्पी अशी चिन्हं मांडलेली. हवं ते उचलायचं, पानावर सोडायचं. उज्वला त्याला मिसळणाचा डबा म्हणे. चिन्हांना नावंही घरचीच. भिंग म्हणजे मसूर, कप्पी म्हणजे रहाट. सर म्हणाले, "इथं रेझिस्टर टाका," की ही त्या दातेरी रेघेवर बोट ठेवून विचारी, "करवत ना?" सर कपाळाला हात लावत.

त्या वर्षी दिवाळीआधी मोठी परीक्षा होती, नुसत्या विजेच्या धड्यांची. साठ आकृत्या, प्रत्येकीत एक बॅटरी. सर म्हणाले, "ताई, राग मानू नका. हा पेपर बिनचूक गेला तर पुढचं सगळं काम तुमचंच. नाहीतर पुण्याचा एक ऑपरेटर यायला तयार हाय."

संध्याकाळपर्यंत शेजारच्या सिंधुकाकूंनी गल्लीभर केलं, की पुण्याच्या माणसानं खोलीसुद्धा बघितली. खोली कुठली, हे काकूंनाच ठाऊक.

दोन मास्तरांनी पेपर तपासून सह्या केल्या. छापायला द्यायच्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. "चौदाव्या प्रश्नातली बॅटरी तेवढी उलटी करा."

इथं पुठ्ठ्याची सवय नडली. पानावरची बॅटरी फिरवायची सोडून उज्वलानं डब्यातली फिरवली. तिच्या हिशेबानं पुठ्ठा नवा कापला की पुढचं घर नवं निघणार, जुनी जागच्या जागी. कॉम्प्युटरनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. इंग्रजीतल्या सगळ्या प्रश्नांना ती "येस" दाबायची. सीडी भरली आणि रिक्षानं मल्लिकार्जुनच्या छापखान्यात धाडून दिली.

मग चहा घेत स्वतःसाठी एक प्रत काढली. चौदावी आकृती बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसायला हवी होती. दिसेना. तिनं मागची पानं उलटली आणि चहा तसाच राहिला. साठच्या साठ बॅटऱ्या उलट्या झाल्या होत्या.

छापखान्याचा फोन एंगेज. मल्लिकार्जुनची सासुरवाडी उदगीरची, बायको फोनवर बसली की कानडीत तासभर. उज्वलानं लुना काढली. गंजगोलाईच्या बाजारातल्या गर्दीतून बाई कशी गेली, ते सिंधुकाकू अजून हातवारे करून सांगतात. स्वतः त्या घरात होत्या, तरी.

छापखान्यात अंधार. मल्लिकार्जुन दारात बनियनवर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होता.

"अण्णा, किती छापलं?"

"कशानं छापू, फुंकून? नवाला गेलेली लाईट एकाला येणार हाय. कालपासून टाईमटेबल बदललंय. उगं घाई करू नका, ताई."

उज्वला पायरीवर बसली आणि खो खो हसत सुटली.

"लोडशेडिंगला हसणारं माणूस पयल्यांदाच बघायलोय," मल्लिकार्जुन म्हणाला.

आमच्या गल्लीतली लाईट एकाला जाणार होती. उज्वला उडतच परतली. आता ब्लेड घेऊन साठ बॅटऱ्या खरवडायच्या, या धास्तीनं ती खुर्चीत बसली आणि हात थबकला. डब्यातली एक फिरवल्यानं साठ फिरल्या असतील, तर...? तिनं डब्यातली बॅटरी सरळ केली. पुन्हा तोच इंग्रजी प्रश्न आला. या वेळी तिनं तो अक्षर अक्षर लावून वाचला: पानावरच्या सगळ्याच बदलू का? मग येस दाबलं. साठही सरळ! चौदावी तेवढी पानावर जाऊन फिरवली. पाऊण वाजता नवी सीडी मल्लिकार्जुनच्या हातात.

गप्प राहिली असती तर कुणाला कळलं असतं? पण संध्याकाळी बाई चुकलेली आणि सुधारलेली अशा दोन्ही प्रती घेऊन सरांसमोर उभी. "सर, यातला चुकीचा कंचा, सांगा."

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. "दोन्ही सारखेच हायेत की!"

तिनं बॅटरीवर बोट ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. सर एमएस्सी. कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी तिच्यासमोरच पुण्याला फोन लावला. "तुम्ही नका येऊ. इथं माणूस हाय."

उज्वला घरी आली आणि सकाळचा चहा गरम करून प्यायली. सिंधुकाकू मात्र आठवडाभर नाराज होत्या. त्या म्हणत, पुण्याच्या माणसासाठी ठेवलेली ती खोली उगाच अडकून पडली.